मुक्त शैक्षणिक साहित्य आपल्या सीओंना कसं बसवायचं: नव्या प्राध्यापकांसाठी

महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम सुरू झाले. तेव्हापासून प्रत्येक पेपरच्या सुरुवातीला चार-पाच ओळींचे कोर्स आउटकम्स, म्हणजे सीओ, छापलेले दिसतात. नुकतीच नोकरी लागलेल्या किंवा तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या हातात जूनमध्ये हा सिलॅबस पडतो. त्याला नेमकं जुळणारं पुस्तक बाजारात असेलच असं नाही, आणि असलं तरी वर्गातली निम्मी मुलं ते विकत घेत नाहीत. इंटरनेटवर मात्र चांगली, पूर्ण, फुकट आणि कायदेशीरपणे बदलता येतील अशी पुस्तकं आहेत. ती तशीच्या तशी वर्गात नेता येत नाहीत. ती आपल्या पेपरला कशी बसवायची, ते इथे सांगतो.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा, तुमच्याकडे पहिल्या वर्षाचा दोन क्रेडिटचा संख्याशास्त्राचा पेपर आहे: वर्गीकरण, मध्य-मध्यक-बहुलक, विचलन आणि सहसंबंध. त्यासाठी आधाराला घेऊ राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या मुक्त पाठ्यपुस्तकांच्या प्रकल्पाचं ‘इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स’. तेरा प्रकरणांचं हे पुस्तक बार्बरा इलोव्स्की आणि सुसान डीन यांनी लिहिलं आहे. विषय तुमचा वेगळा असला, अगदी रसायनशास्त्र किंवा अर्थशास्त्र असला, तरी कामाचा क्रम हाच राहील.

आधी सीओ वाचा, पुस्तक नंतर उघडा

बहुतेक जण उलट करतात. छान पुस्तक सापडतं, ते चाळलं जातं, आवडतं, आणि मग सीओ त्याच्यावर कसेबसे चिकटवले जातात. यात पुस्तकातलं महत्त्वाचं ते आपल्या पेपरातलं महत्त्वाचं होऊन बसतं. म्हणून सुरुवातीला सिलॅबसचं एकच पान छापून घ्या आणि प्रत्येक सीओतल्या क्रियापदाखाली रेघ मारा.

आपल्या पेपरात समजा असे तीन सीओ आहेत: दिलेल्या माहितीची वारंवारता सारणी तयार करता येणे, परिस्थितीनुसार योग्य मध्यवर्ती माप निवडता येणे, विचलनाच्या मापांवरून दोन समूहांची तुलना करता येणे. ‘तयार करणे’, ‘निवडणे’, ‘तुलना करणे’ ही तीन अगदी वेगळी कामं आहेत. मध्यक काढता येणं आणि इथे मध्यकच का घ्यायचा हे सांगता येणं यात मोठं अंतर आहे. ब्लूमच्या १९५६ च्या वर्गीकरणाची २००१ मध्ये सुधारलेली उतरंड तुम्ही रिफ्रेशर कोर्समध्ये पाहिली असेलच: आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. तिचा खरा उपयोग इथे होतो. तुमचा सीओ ‘मूल्यमापन’ मागत असेल आणि पुस्तकातले सगळे सराव ‘वापरणे’ इथेच थांबत असतील, तर तुम्हाला काय लिहावं लागणार आहे ते आताच कळलं.

मग तास मोजा. लेक्चरच्या पेपरला एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, म्हणजे आपल्याकडे तीस. त्यातून इंटर्नल, सुट्ट्या आणि महाविद्यालयाचे कार्यक्रम वजा करा. प्रत्येक सीओला किती तास येतात ते समासात लिहून ठेवा. हा आकडा पुढे कात्री चालवताना लागेल.

सीओ तुम्हाला पटत नसतील तरी संलग्न महाविद्यालयात ते तुम्ही बदलू शकत नाही, ते अभ्यास मंडळाचं काम आहे. बदलायचं ते साहित्य. स्वायत्त महाविद्यालयात असाल तर बीओएसच्या, म्हणजे अभ्यास मंडळाच्या, बैठकीत मुक्त पुस्तकाचं नाव थेट संदर्भयादीत घालून घ्या. मुलं अधिकृत पुस्तक म्हणून बिनधास्त वापरतील.

परवाना पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका

‘फुकट वाचता येतं’ आणि ‘बदलता येतं’ यांत फरक आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतर आणि रूपांतर करण्याचा हक्क मूळ मालकाकडे असतो. एखाद्या प्राध्यापकाने आपल्या ब्लॉगवर नोट्सची पीडीएफ टाकली, म्हणून ती मुक्त होत नाही. युनेस्कोने २००२ मध्ये ‘मुक्त शैक्षणिक साहित्य’ ही संज्ञा रूढ केली आणि २०१९ मध्ये त्याविषयीची शिफारस मंजूर केली. अशा साहित्यात साधारण पाच गोष्टींची मोकळीक धरली जाते: प्रत जवळ ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्या साहित्यात मिसळणं आणि पुढे वाटणं. ही मोकळीक बहुतेक ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यातून मिळते, आणि त्याची अक्षरं पानाच्या तळाशी असतात.

तुमच्या कामापुरतं एवढं लक्षात ठेवा. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या आणि हवं ते करा. ‘एसए’ असेल तर तुम्ही तयार केलेलं साहित्यही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नाही. उद्या हेच साहित्य स्थानिक प्रकाशकाकडून छापून विकायचा विचार असेल तर एनसीचा आधार घेऊ नका. आणि ‘एनडी’ दिसलं की पुस्तक बाजूला ठेवा, कारण बदललेली प्रत वाटायला तिथे परवानगीच नाही. तशा पुस्तकाची लिंक मुलांना द्यायला हरकत नाही.

खरी अडचण दोन साहित्यं मिसळताना येते. आयआयटींच्या एनपीटेल या ऑनलाइन अभ्यासक्रमांचं साहित्य बाय-एसए आहे, एमआयटी ओपनकोर्सवेअरचं बाय-एनसी-एसए. दोन्हींतले परिच्छेद कापून एकच प्रकरण शिवलंत, तर ते कोणत्या परवान्याखाली द्यायचं याला उत्तरच नाही, कारण दोघांनाही आपापलाच परवाना हवा आहे. अशा वेळी एकाला आधार करा आणि दुसऱ्याची फक्त लिंक द्या. आपलं संख्याशास्त्राचं पुस्तक ‘सीसी बाय ४.०’ आहे (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स), म्हणून आधाराला उत्तम. पण प्रकाशक एक म्हणजे परवाना एक असं धरू नका: ओपनस्टॅक्सचंच कॅल्क्युलस बाय-एनसी-एसए आहे. पुस्तकातली छायाचित्रं आणि तक्ते कधी तिसऱ्याच व्यक्तीचे असतात. चित्राखालची बारीक ओळ वाचा, शंका आली तर चित्र सोडा आणि आकृती स्वतः काढा.

जुळणीचा तक्ता

आता पुस्तक उघडा. एका स्प्रेडशीटमध्ये डाव्या रकान्यात सीओ, त्यापुढे पुस्तकातला विभाग, आणि त्यापुढे चारांपैकी एक शब्द लिहा: ठेवा, काढा, बदला, लिहा.

आपल्या उदाहरणात हा तक्ता लवकर बोलू लागतो. मध्यवर्ती मापं आणि विचलन दुसऱ्या प्रकरणात मिळतं, सहसंबंध थेट बाराव्यात. मधली नऊ प्रकरणं संभाव्यतेची आणि अनुमानाची आहेत. ती आपल्या पेपरात नाहीत, त्यामुळे पूर्ण काढा. बारावं प्रकरण मात्र मधली प्रकरणं मुलांनी वाचली आहेत असं धरून लिहिलेलं आहे. त्यात सहसंबंध गुणांकाच्या सार्थकतेची चाचणी येते, आणि गृहीतकांची चाचणी ज्यांनी पाहिलीच नाही त्या मुलांना तिथे काही कळणार नाही. तो भाग काढून त्याच्या पुढचं वाक्य आधीच्याला नीट जोडावं लागेल. कापलेल्या जागी ‘मागे आपण पाहिलंच आहे’ अशी वाक्यं उरली आहेत का, हे शोधायला एक तास वेगळा ठेवा.

‘लिहा’ या शब्दासमोर काय येतं ते पाहा. आपल्याकडच्या सिलॅबसमध्ये हमखास असणाऱ्या काही गोष्टी त्या पुस्तकात नाहीत: वर्गीकृत सारणीवरून सूत्राने मध्यक आणि बहुलक काढणं, हरात्मक मध्य, स्पिअरमनचा श्रेणी सहसंबंध. हे तुम्हालाच लिहायचं आहे. घाबरण्यासारखं काही नाही, दोन-तीन पानांचा मजकूर आहे, आणि तो तुम्ही फळ्यावर कितीतरी वेळा लिहिला असेल.

काढताना मन घट्ट करा. पुस्तक चांगलं असलं की प्रत्येक पान ठेवावंसं वाटतं. स्टेम-अँड-लीफ आलेख मला फार आवडतो, पण तो एकाही सीओत बसत नसेल तर ‘जास्तीचं वाचन’ म्हणून शेवटी लिंक द्यायची आणि पुढे जायचं. मुलांच्या हातात चाळीस पानं दिलीत तर ती वाचली जातील, चारशे दिलीत तर झेरॉक्सही निघणार नाही.

रीत बदलते तिथे उत्तर बदलतं

या कामात सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. ते वरवर चाळून दिसत नाही, आणि नुकसान थेट परीक्षेत होतं.

प्रमाण विचलन घ्या. ओपनस्टॅक्सचं पुस्तक नमुन्याचं विचलन काढताना n−१ ने भागतं (n म्हणजे निरीक्षणांची संख्या). आपल्याकडे पहिल्या वर्षाला बऱ्याच सिलॅबसमध्ये n ने भागायला शिकवतात. मुलगा पुस्तकातलं गणित आपल्या रीतीने सोडवतो, उत्तर मागच्या पानाशी जुळत नाही, आणि आपलंच चुकलं असं समजून तो बरोबर रीत खोडतो. लिब्रेऑफिस कॅल्क किंवा एक्सेलमध्येही दोन्हींसाठी वेगवेगळी फंक्शन्स आहेत.

चतुर्थकांचं तर विचारूच नका. २, ४, ६, ८, १०, १२, १४, १६ ही आठ निरीक्षणं घ्या. पुस्तकाच्या रीतीने खालच्या अर्ध्या भागाचा मध्यक घेतला तर पहिलं चतुर्थक ५ येतं. आपल्याकडच्या (n+१)/४ या सूत्राने २.२५ वं निरीक्षण घेतलं तर ४.५. स्प्रेडशीटमधलं नेहमीचं क्वार्टाइल फंक्शन ५.५ सांगतं. तिन्ही उत्तरं आपापल्या व्याख्येने बरोबर आहेत. विद्यापीठाच्या पेपरात मात्र एकच चालेल.

म्हणून ठेवायच्या प्रत्येक गणिताचं उत्तर तुमच्या पेपरच्या रीतीने स्वतः पुन्हा काढा. मूळ उत्तरसूची जशीच्या तशी कधीही चिकटवू नका. दोन रीती आहेत हे मुलांपासून लपवू नका, एका चौकटीत साध्या शब्दांत सांगा आणि ‘या पेपरात आपण ही रीत वापरू’ असं स्पष्ट लिहा. प्रत्येक विषयात असं काहीतरी असतं: हिशेबशास्त्रात ताळेबंदाची मांडणी वेगळी, कायद्यात तर देशच वेगळा, अभियांत्रिकीत मापाची एककं वेगळी.

याच ओघात यंत्राचंही पाहा. हे पुस्तक जागोजागी टीआय-८३ आणि ८४ या कॅल्क्युलेटरची बटणं सांगतं. आपल्या वर्गात ते कोणाकडे नसतं. त्या चौकटी काढून त्याजागी कॅल्कच्या पायऱ्या लिहा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये कॅल्कचे धडे मराठीतून आहेत, त्यांची लिंक द्या म्हणजे सगळं नव्याने लिहावं लागणार नाही.

उदाहरणं आपल्या मातीतली, पण कारण असेल तिथेच

डॉलरच्या जागी रुपये आणि जॉनच्या जागी जयेश लिहिला म्हणजे रूपांतर झालं असं नाही. उदाहरण बदलायचं ते सीओ नीट पोचावा म्हणून.

बाराव्या प्रकरणात तिसऱ्या चाचणीचे गुण आणि अंतिम परीक्षेचे गुण यांच्यातला संबंध दाखवला आहे. ८० आणि २०० गुणांच्या त्या परीक्षांऐवजी आपली इंटर्नल आणि सत्रान्त परीक्षा घेतली की झालं, उदाहरणाचा गाभा तोच राहतो. इथे फार खटपट नको.

बहुलक शिकवताना मात्र आपल्याकडे सोन्यासारखी सामग्री आहे. ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे शेतमालाचे भाव रोज तीन रकान्यांत येतात: किमान, कमाल आणि मोडल (‘मोड’ म्हणजेच बहुलक). हा तिसरा रकाना ‘मोडल’ का, सरासरी का नाही, हा प्रश्न वर्गात टाका. लासलगावच्या कांद्याचे महिनाभराचे भाव मुलांनाच उतरवून आणायला सांगा. ज्यांच्या घरचा माल समितीत जातो ती मुलं तुम्हाला समजावून सांगतील, आणि ‘योग्य माप निवडणे’ हा सीओ त्या चर्चेतच पुरा होईल.

तुलनेचा सीओही असाच. कोइफिशिएंट ऑफ व्हेरिएशन, म्हणजे विचलन सरासरीच्या किती टक्के आहे ते सांगणारा गुणांक, का लागतो हे कळावं म्हणून आकडे असे निवडा की नुसतं प्रमाण विचलन दिशाभूल करेल. समजा कांद्याचा सरासरी भाव क्विंटलला २००० रुपये आणि विचलन ६००, तुरीचा सरासरी भाव ७००० आणि विचलन ७००. विचलन पाहिलं तर तूर जास्त हलते असं वाटतं. गुणांक काढला तर कांद्याचा ३० टक्के येतो, तुरीचा १०. अशी रचलेली उदाहरणं ‘काल्पनिक आकडे’ म्हणून छापा. खरी आकडेवारी वापरली तर दिनांक आणि स्रोत खाली लिहा.

भाषा

परीक्षा इंग्रजीत आणि समज मराठीत, ही आपल्याकडच्या असंख्य वर्गांची स्थिती आहे. पूर्ण भाषांतर करायला वेळ नसेल तर समजावणी मराठीत लिहा आणि संज्ञा मुलांना पेपरात दिसेल त्या रूपात ठेवा. मराठी प्रतिशब्द देताना दहावीच्या बालभारतीच्या पुस्तकातले घ्या: मध्य, मध्यक, बहुलक मुलांना आधीपासून माहीत आहेत. त्यापलीकडच्या शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. एक शब्द ठरवला की शेवटपर्यंत तोच ठेवा.

टंकन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर मोबाइलवर उघडत नाही, शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तो वाचूच शकत नाही. मुक्ता किंवा नोटोचे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. आलेखाखाली त्यात काय दिसतं ते एका वाक्यात लिहा, त्याच विद्यार्थ्यासाठी.

प्रश्न सीओच्या क्रियापदाशी ताडून पाहा

प्रत्येक सीओखाली किमान एक प्रश्न असा हवा की ज्यात मुलाला तेच करावं लागेल जे क्रियापद सांगतं. ‘निवडणे’ असेल तर ‘खालील माहितीचा मध्यक काढा’ पुरेसं नाही. ‘एका गावातल्या पन्नास कुटुंबांच्या उत्पन्नात दोन कुटुंबं फार श्रीमंत आहेत, गावाचं चित्र सांगायला कोणतं माप घ्याल आणि का’ असं विचारा. पुस्तकातल्या सरावांतले पाच-सहा जसेच्या तसे ठेवा, दोन बदला, दोन नवे लिहा. प्रश्नाच्या शेवटी कंसात सीओचा क्रमांक टाका. नॅकच्या मूल्यांकनासाठी सीओ-पीओ मॅपिंग (पीओ म्हणजे पूर्ण पदवीचे प्रोग्राम आउटकम्स) आणि अटेनमेंटची, म्हणजे सीओ किती साध्य झाले याची, फाइल मागितली जाईल तेव्हा ती वेगळी बसून करावी लागणार नाही.

श्रेयाची ओळ आणि फाइल

श्रेय म्हणजे ‘इंटरनेटवरून साभार’ असं लिहिणं नाही. चार गोष्टी हव्यात: मूळ नाव, लेखक, कुठे मिळेल, परवाना. आणि पाचवी, तुम्ही काय बदललंत. आपल्या प्रकरणाखाली अशी ओळ चालेल:

‘हे प्रकरण बार्बरा इलोव्स्की आणि सुसान डीन यांच्या “इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स” (ओपनस्टॅक्स, राइस विद्यापीठ) या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणावर आधारित आहे. मूळ पुस्तक ओपनस्टॅक्स डॉट ऑर्गवर विनामूल्य उपलब्ध. परवाना सीसी बाय ४.०. बदल: मराठी रूपांतर, चतुर्थकांची रीत, भारतीय उदाहरणं, वर्गीकृत सारणीचा विभाग नव्याने लिहिला.’

वेबसाइट आणि परवाना या दोन्हींना लिंक जोडा. तुमच्या भागाला कोणता परवाना देणार तेही तिथेच लिहा, नाहीतर शेजारच्या महाविद्यालयातल्या मॅडमना ते वापरावं की नाही कळणार नाही. त्याआधी महाविद्यालयाच्या कामात लिहिलेल्या मजकुराच्या हक्काबद्दल प्राचार्यांशी एकदा बोलून घ्या.

मूळ फाइल ओडीटी किंवा डॉक्समध्ये ठेवा. पीडीएफ फक्त वाटायला, कारण ती पुढच्याला बदलता येत नाही. महाविद्यालयात मूडल ही ऑनलाइन अध्यापन प्रणाली असेल तर त्यावर, नसेल तर ड्राइव्हवर टाका. मुलांकडे डेटा कमी असतो, म्हणून सीओनुसार छोटे भाग करा आणि एक छापील प्रत ग्रंथालयात द्या.

पहिल्याच वर्षी सगळा पेपर घेऊ नका

एक युनिट निवडा, शक्यतो ज्याच्या सीओत मुलं दरवर्षी मागे पडतात ते. सेमिस्टर संपलं की प्रश्नवार गुण आणि तुमचा तक्ता शेजारी ठेवा. सीओ तीनच्या प्रश्नांत गुण कमी आले असतील तर कारण तीन ठिकाणी शोधा: साहित्यात समजावणी अपुरी होती, तास कमी पडले, की प्रश्नच सीओच्या पलीकडचं मागत होता. साहित्यात दोष असेल तर तो भाग सुट्टीतच दुरुस्त करा, फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक वाढवा आणि पहिल्या पानावर काय बदललं ते एका ओळीत नोंदवा. मूळ पुस्तकाची नवी आवृत्ती आली आहे का आणि तिचा परवाना तोच आहे का, हेही त्याच वेळी पाहा. विभागातल्या एखाद्या सहकाऱ्याला पुढच्या युनिटसाठी बरोबर घ्या आणि त्याला सगळ्यात आधी तो जुळणीचा तक्ता पाठवा.